दगडावर पांघरलेलं पोतं

मी पोतं बोलतोय. साधं गोणपाटाचं. हसू नका, समुद्र बघून आलोय मी.

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दुकानात माझ्यात ज्वारी भरली आणि सांगोल्याकडच्या अंबुबाईनं मला डोक्यावर घेतलं. त्या साली पाऊस नव्हता. मेंढरं भावाकडं सोपवून ती आणि तिचा नवरा सिद्धनाथ कामाला निघाली, ती थेट एका लहानशा बेटावर.

त्या बेटाच्या बंदरात चाळीस होड्या. समुद्र खवळला की एकमेकींवर आपटून फुटायच्या. म्हणून लाटा अडवायला पाण्यात बांध घालणं चाललं होतं. बांधावर रचायला सिमेंटचे चार पायांचे दगड ओतायचे, एकेक हत्तीएवढा. साचा काढला की त्याच्यावर पोती पांघरायची आणि सात दिवस गोड्या पाण्यानं ओली ठेवायची. नाहीतर दगड तडकतो. ते काम अंबुबाईचं. ज्वारी खाऊन संपली, तसा मीही कामाला लागलो.

पण टँकरच्या पाण्यावर जगलेली बाई ती. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा शेळीला पाजणारी. गोडं पाणी तिथं होडीतून यायचं. ते दगडावर ओतायला तिचा हात धजेना. चार ओंजळी शिंपडायची आणि हंडा झाकून ठेवायची.

सिद्धनाथ म्हणायचा, "वत की. तुझ्या बापाच्या हिरीतलं हाय व्हय?"

"बापाच्या हिरीत असतं तर हितं कशाला आली असती?"

आधीचे दगड तेवढ्यावर निभावले. शेवटच्या दगडावर मी होतो. वाऱ्यानं खडखडीत वाळलो. चौथ्या दिवशी अंबुबाईनं मला उचललं, तर खाली वीतभर तडा. तिनं मला गुपचूप पुन्हा पांघरलं. पावसाळा तोंडावर आलेला, बांधाच्या टोकाला त्याच दगडाची जागा रिकामी.

सातवा दिवस भरला तसा मुकादम ईश्वरप्पा क्रेन घेऊन आला. अक्कलकोटकडचा माणूस. "अंबव्वा, झाला का दगड?"

अंबुबाईनं एकदा होड्यांकडं बघितलं. मग आपल्याच हातानं मला ओढून काढलं.

"न्हाय अण्णा. मी पाणी राखलं. ह्यो बगा तडा."

ईश्वरप्पा तड्यावरून बोट फिरवत राहिला. "दुसरा वतू," तो म्हणाला. "पाणी कोण मारनार?"

"मीच की."

"हात आखडशील."

"न्हाय आखडत."

पुढचे सात दिवस मी घटकाभरही कोरडा राहिलो नाही. ओतता ओतता ती दगडाला म्हणायची, "पी बाबा, पोटभर पी."

दगड जागेवर बसला आणि पाचव्या दिवशी समुद्र फिरला. बांधावर लाटा फुटत होत्या. आत होड्या नुसत्या डुलत होत्या. अंबुबाई त्या मोजत बसली होती. चाळीसच्या चाळीस.

आता मी तिच्या दारात असतो. कडेचे धागे सुटलेत, कोंबड्या टोचतात. तरी कशावरही पांघरा मला. रांजणावर पांघरा, थंडीत कोकरावर पांघरा. चूक झाकायला तेवढं मागू नका. पन्नास किलो ज्वारी मी हसत पेलली होती, पण तो वीतभर तडा झाकताना मला लई जड गेलं.