कर्नल बदलला आणि मी परका झालो

मी बोलतोय, इकडं, लॅपटॉपच्या कडेला! अंगठ्याच्या नखाएवढा दिसतोय ना, तोच मी, वायफायचा डोंगल. हवेतलं इंटरनेट पकडून लॅपटॉपला द्यायचं, एवढंच माझं काम. पण चुडाव्यातल्या या घरात मला जे धक्के बसले, ते कुणाला सांगू!

माधवीनं मला परभणीहून आणलं. तिच्या जुन्या, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय गेलेलं. शेजारचे पंडितकाका त्यांचं वायफाय द्यायला तयार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ऑनलाइन मुलाखत होती, घरून करायच्या नोकरीची. ती हुकली तर कामासाठी पुण्याला जाणं भाग होतं, आणि तिच्या आईचं, लक्ष्मीबाईंचं, उजवं अंग लकव्यानं गेलेलं.

मला खोचलं, तर लॅपटॉपनं ओळखच दाखवली नाही! माझी भाषा त्याला समजावणारा ड्रायव्हर तिथंच बांधायचा होता. माधवीनं बांधायला घेतला, तर म्हणे हेडर नाहीत. हेडर म्हणजे कर्नलची, लॅपटॉपच्या मुख्य कारभाऱ्याची, मापं. ती इंटरनेटवरून आणा म्हणे. अहो, पण इंटरनेट आणणारा मीच ना! मी तर हबकूनच गेलो.

संध्याकाळी धाकटा भाऊ नागेश पेनड्राइव्ह नाचवत आला.

"ताई, माझ्या दोस्ताच्या, रामच्या कॉम्प्युटरवरून हेडर आणले की! त्याचं बी लिनक्सच हाय."

पण रामचा कर्नल वेगळा. शेजारणीच्या मापावर शिवलेलं पोलकं अंगात बसेल का? स्क्रीनवर पुन्हा चूक दाखवणाऱ्या लाल ओळी!

"आरं, तुझ्या मोबाइलचं नेट वायरनं दे की," माधवी म्हणाली. घरात स्मार्टफोन तेवढा एकच. हेडर आले, तर ड्रायव्हर बांधून देणारा कंपायलर नाही म्हणे! तोही आला. शेवटी माझा दिवा लागला. लय आनंद झाला मला.

आता पुढचं ऐका. कितीतरी महिन्यांनी नेट मिळालेल्या लॅपटॉपनं राहिलेले सगळे अपडेट ओढून घेतले. त्यात नवा कर्नलही आला. माझ्याच अंगावरून गेला आणि मला पत्ता नाही!

सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर गादीवर नवा कर्नल. माझा ड्रायव्हर जुन्याच्या मापाचा. दिवा बंद! नागेश तर मोबाइल घेऊन गाडीनं कामाला गेलेला.

"आगं माय!" माधवी मटकन खाली बसली.

"काय झालं गं? काल तर चालायलं होतं," खाटेवरून लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"कर्नल बदललाय आई. ह्याला वळखंना." मग ती एकदम उठली. "थांब, जुना हाय की आत!"

लॅपटॉप पुन्हा चालू करताना तिनं यादीतला जुना कर्नल निवडला. माझा दिवा लागला. मुलाखतवाले वाटच बघत होते. बोलणं लांबलं. लक्ष्मीबाई पदराचं टोक तोंडात धरून ऐकत होत्या. शेवटी आवाज आला, "सोमवारपासून घरूनच सुरू करा."

"म्हंजे तू जायलीस का पुण्याला?"

"न्हाई आई. हितंच हाय मी."

"मग ती पिशवी रिकामी कर बाई."

माधवीनं खाटेखाली वाकून बघितलं. तिचेच कपडे होते पिशवीत. आईनं एका डाव्या हातानं घड्या घालून, कुणाला न सांगता भरून ठेवलेले. माधवी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मी थक्क होऊन बघत राहिलो.

ती पिशवी पुन्हा भरायची वेळ येऊ नये. म्हणून हात जोडून सांगतो, नवा कर्नल येऊ द्या, पण लॅपटॉप बंद करण्याआधी त्याचे हेडर मागवून माझा ड्रायव्हर बांधून घ्या.