डांबरगोळ्यांचा चोर

दीक्षाभूमीला नेसून जायचं पांढरं पातळ काढायला कौसल्याबाईंनी लोखंडी पेटी उघडली आणि त्यांचं डोकंच फिरलं. उन्हाळ्यात टाकलेल्या डांबरगोळ्यांपैकी एकही उरली नव्हती. कुलूप मात्र जसंच्या तसं.

“कोनं नेल्या माह्या गोळ्या?”

सून दीपमाला वैतागली. “कोनी नाही नेल्या, आई. थ्या वितळत नाही, त्यायची सरळ हवा होते. घरात वास येत होता ना, थे गोळ्यायचेच बारीक कण.”

कौसल्याबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. डोमाजींनी उन्हाळाभर पेटीपाशीच बाज टाकली होती. ‘काय मस्त वास येते’ म्हणत ते दिवसभर नाक ओढत पडायचे.

“मंग चोर घरातच हाय,” त्या म्हणाल्या. “या बुढ्यानं नाकानं खाल्ल्या.”