माझ्या पोटाखालची खोबण

मी एक टेकडी बोलतेय. दचकू नका. माझ्यावर गवत नाही, झाड नाही आणि मला चढताना कुणाला धाप लागत नाही. हातभर लांबीची लाकडी पट्टी वाकवून केलेली मी टेकडी. मध्ये माझा उंचवटा, दोन्ही अंगांना दोन दऱ्या, टोकांना दोन ठोकळे. जन्मल्यापासून माझ्याकडे एकच काम आहे, काचेच्या गोटीला अडवण्याचं.

सुताराने मला वाफेवर धरून वाकवलं तेव्हा फार दुखलं. गोटी घसरून पडू नये म्हणून त्याने माझ्या पाठीवर लांबच लांब खोबण कोरली. पोट मात्र सपाटच ठेवलं. पोटाकडे कोण बघतो!

"साहेब, मुलांसाठी खेळणं का?" त्याने विचारलं.

"हो. पण मुलं जरा मोठी आहेत," सर म्हणाले.

सर भौतिकशास्त्र शिकवत. माझ्याआधी त्यांची एक भिंगरी कुणीतरी लांबवली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांनी मला आणल्या आणल्या चार स्क्रू मारून टेबलाला पक्कं केलं. खोलीत एक काळा फळा, एक कुरकुरणारी खुर्ची आणि मी. बाकी सगळा खडूचा धुरळा.

नवीन विद्यार्थी आला की सर आधी त्याच्या हातात गोटी देत. माझ्या डाव्या टोकाकडच्या उतारावर, उंचवट्यापेक्षा थोडी खाली, एक खूण होती. तिथून गोटी सोडायची.

"काय झालं?"

"परत आली, सर."

"पुन्हा सोड."

विद्यार्थी कंटाळेपर्यंत हा खेळ चाले. मग सर म्हणत, "लाकडात जन्मभर सोडलीस तरी परतच येणार. पण अणूच्या घरात हाच खेळ मांड. तिथला कण टेकडी चढण्याइतका जोर नसतानाही कधीतरी पलीकडे सापडतो. त्याला टनेलिंग म्हणतात, पण बोगदा मात्र कुणी खणलेला नसतो."

मग ते फळ्यावर लाट काढत. दरीत ती जोरात उसळायची, टेकडीच्या पोटात शिरली की विझत विझत जायची, पण पार विझायची नाही. जी थोडी पलीकडे उरे, तेवढीच कणाला पलीकडे जायची आशा. दरीतली लाट आणि टेकडीतली लाट जिथे भेटतात, तिथे त्यांना सांधायचा एक नियम होता. त्या नियमावर सरांचा जीव होता. हे ऐकताना माझा ऊर भरून येई, आणि त्या कणांचा हेवाही वाटे. माझ्या गोटीच्या नशिबी असलं काही नव्हतं.

एके वर्षी एक मुलगी आली. अंगाने बारीक आणि प्रश्न टोचणारे, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. तिने गोटी एकदाच सोडली आणि माझ्याकडे बघत विचारलं, "सर, टेकडी उलटी केली तर?"

"उलटी कशी करणार? ठोकलेली आहे ती," सर म्हणाले. सगळे हसले. ती हसली नाही.

ती गंमत करत नव्हती. गणितात वेळ ही खरी न धरता काल्पनिक संख्या धरली, की टेकडीची दरी होते आणि दऱ्यांच्या टेकड्या. मग एका माथ्यावरून निघालेली गोटी साध्या नियमांनी खाली घरंगळते आणि समोरच्या माथ्यावर चढते. त्या प्रवासाचा हिशेब केला, की कणाचं पलीकडे जाणं किती दुर्मीळ ते कळतं. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून ती हे समजावायची. मला वाटायचं, अगं, ओंजळ कशाला, मी आहे ना! पण चार स्क्रूंनी माझे पाय धरले होते.

तिचं उत्तर सरांच्या उत्तराशी जवळजवळ जुळलं. फक्त शंभरात सातांचा फरक राहिला.

"तुझ्या पद्धतीत कुठेतरी पाणी मुरतंय," सर म्हणाले.

"सर, तुमचा सांधायचा नियम एकदा तपासू या का? अगदी दरीच्या तळाशी तो चालतो का?"

"तुझ्या जन्माआधीपासून वापरतोय मी तो. उत्तर दुरुस्त कर, मग प्रबंधावर सही करतो."

"गणित बरोबर असताना उत्तर कसं बदलू, सर?"

सरांनी फळा पुसायला घेतला. टाचणीने गोटी माझ्या डाव्या दरीत अलगद ठेवली आणि ती निघून गेली. मागाहून कानावर आलं, कुठल्याशा शाळेत शिकवते.

सर निवृत्त झाले. शिपायाने स्क्रू काढले आणि मी त्यांच्या घरी कपाटावर जाऊन बसले. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. मग एका दुपारी, जुनी व्याख्यानं नीट करताना, सरांनी तोच प्रश्न संगणकाला घातला. उत्तर टाचणीच्या बाजूने आलं. सरांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. दरीच्या तळाशी लाट जिथे जिथे वळते, त्या दोन जागा नाकाला नाक लावून उभ्या असतात. सांधायच्या नियमाला त्या एकमेकींपासून लांब लागतात. नियम खोटा नव्हता, सरांनी तो भलत्या जागी लावला होता.

मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज नव्हता. मग उठून त्यांनी मला खाली घेतलं, पालथं घातलं आणि पटाशीने माझं पोट कोरायला लागले.

"अहो, हात कापाल! सुताराला द्या की," काकू, म्हणजे सरांची बायको, ओरडल्या.

"नाही गं. हे मलाच करायला हवं."

सुतारापेक्षा जास्त दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

निरोप गेल्यावर टाचणी आली. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. टेबलावर मी उलटी उभी होते, नवी वेडीवाकडी खोबण वर करून. तिने तिच्यावरून बोट फिरवलं.

"मी चुकलो, बाळ," सर म्हणाले. "शंभरातले ते सात तुझे होते."

"मला ते तेव्हाच माहीत होतं, सर," ती म्हणाली. "आता मी त्याचं काय करू? मुलांना तरफ आणि कप्पी शिकवते मी. त्या दिवसापासून हे गणित हातात धरलेलं नाही."

काकू चहा घेऊन दारातच थांबल्या. मग टाचणीने गोटी उचलली आणि एका माथ्यावरून सोडली. गोटी घरंगळली, दरीतून वर चढली, समोरच्या माथ्याच्या जवळ गेली आणि जरा अलीकडेच थबकून परत फिरली.

"खोबण खडबडीत झालीय," सर पुटपुटले.

"हो," ती म्हणाली. "घासावी लागेल." आणि मला काखेत घेऊन निघाली.

सर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. बातमी आली त्या दिवशी टाचणी शाळेत गेली नाही. खिडकीपाशी बसून काचकागदाने माझं पोट घासत राहिली आणि रडली.

हल्ली मी तिच्या वर्गात असते. कधी सुलटी, कधी उलटी. दोन्ही खोबणी गुळगुळीत झाल्यात, गोटी माथ्याच्या अगदी काठापर्यंत जाते. संध्याकाळी वर्ग रिकामा झाला की टाचणी फळ्यावर तो जुना प्रश्न मांडते. मी म्हातारी झालेय, एका ठोकळ्याला चीर गेलीय, उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती जाईन. ज्याच्या हाती जाईन त्याला एवढंच सांगणं आहे. मला कुठेही ठेव, धूळ खाऊ दे, मोडले तर चूल पेटव. पण बाबा रे, स्क्रू मारू नकोस.