बोंग्नेचा राग

दक्षिण कोरियातल्या आमच्या बेटावर गळ्यावर आडवा व्रण असलेल्या बायका इतक्या, की बाहेरून आलेल्याला ही इथली रीतच वाटावी. पंधराएक वर्षांपूर्वी गावोगाव सोनोग्राफी सुरू झाली, जिच्या तिच्या थायरॉइडमध्ये बारीक गाठी दिसायला लागल्या आणि एकेक करून सगळ्यांच्या गळ्यावर सुरी फिरली. माझ्या शेजारच्या बोंग्नेची ग्रंथी तेव्हाच काढली. तेव्हापासून ती रोज उपाशीपोटी गोळी घेते, आणि आवाज बसला तो बसलाच.

तिची मोठी बहीण माल्सुन. समुद्रातलं खायचं शेवाळ वाळत घालताना गाणं हिने उचलायचं आणि बाकीच्यांनी मागे ओढायचं. चार वर्षांमागे तिच्याही गळ्यात गाठ निघाली. सुई घालून तपासलं, तर कॅन्सर.

आधी बोट, मग बस, असं करत आम्ही तिघी ग्वांग्जूला पोचलो. डॉक्टर प्यो ही तरुण बाई, पण घाई अजिबात नाही.

"मावशी, गाठ तांदळाच्या दाण्याएवढी आहे," ती म्हणाली. "अशा गाठी आम्ही बऱ्याच जणांच्या न कापता नुसत्या बघत राहतोय. बहुतेक जागच्या हलत नाहीत. काही पसरतात, त्या सहसा आधी मानेतल्या बारीक ग्रंथींमध्ये. तेव्हा कापलं तरी उशीर होत नाही, असं आजवर दिसलंय. पण कुठली पसरणार हे आधी कसं ओळखायचं, ते अजून नीट कळलेलं नाही. त्याचाच अभ्यास चालू आहे. ठरवायचं तुम्ही."

माल्सुन काही बोलायच्या आत बोंग्ने घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मग माझी का कापलीत?"

डॉक्टर म्हणाली, "तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं, मावशी. तुमची कापायची गरज होती की नव्हती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

बोंग्ने उठून बाहेर गेली. परतताना बसमध्ये ती आमच्यापासून लांब, ड्रायव्हरच्या मागे बसली.

माल्सुनने थांबायचं ठरवलं. बोंग्नेने बोलणं टाकलं. राग होता डॉक्टरवर, पण डॉक्टर ग्वांग्जूला आणि बहीण दारात. माल्सुनलाही अवघडल्यासारखं झालं असावं, कारण शेवाळाचा हंगाम आला तरी तिने तोंड उघडलं नाही. आम्ही सगळ्या मुक्याने दोऱ्यांवर शेवाळ टाकत होतो. शेवटी पलीकडच्या रांगेतून बोंग्नेच खेकसली, "ताई! गळा शाबूत ठेवलायस तो काय लोणचं घालायला? गा की!"

माल्सुन हसायलाच लागली. मग तिने गाणं उचललं आणि बोंग्नेने आपल्या फाटक्या आवाजात मागे ओढलं. बेसूर, पण सगळ्यांच्या वर.

तिसऱ्या वर्षीच्या तपासणीत मानेतल्या एका ग्रंथीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. आता कापणं भाग होतं. बोटीवर माल्सुन हळूच म्हणाली, "चुकलं का गं माझं?"

"मला काय विचारतेस?" बोंग्ने म्हणाली. "माझ्याकडे तर तुझ्यासारखं थांबून बघायला काही ठेवलंच नव्हतं." मग तिने बहिणीच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "एवढं गायलीस ना? मग आता गप बस."

शस्त्रक्रिया नीट झाली. पुढे किरणोत्सारी आयोडीनचं औषध द्यायचं होतं. त्याआधी जेवणातून आयोडीन बंद, म्हणजे उरलेल्या पेशींना त्याची भूक लागते आणि औषध आलं की त्या ते अधाशासारखं खातात आणि त्यानेच मरतात. आता आमच्या बेटावर आयोडीन नाही असं काय आहे? शेवाळ गेलं, मासे गेले, रोजची कोबीची किमची गेली. समुद्रमिठामुळे सोयाबीनची चटणीसुद्धा गेली. बोंग्ने शहरातून वेगळं मीठ घेऊन आली आणि रोज बहिणीसाठी रांधू लागली.

"पुन्हा भात नि काकडी?" माल्सुन ताट सरकवायची. "कैद्याला बरं जेवण देतात!"

"त्या पेशीही उपाशीच आहेत. त्या करतात का तक्रार?"

औषधानंतर काही दिवस माल्सुन दवाखान्याच्या खोलीत एकटी होती. अंगातून किरण निघतात म्हणून भेटायला बंदी. दोघी बहिणी फोनवर इतक्या भांडल्या, की नर्सने दार ठोठावून काही दुखतंय का म्हणून विचारलं.

या वसंतात सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. माल्सुनचे वरचे सूर आता लागत नाहीत, म्हणून ती गाणं जरा खालून उचलते. आम्हाला ते सोपंच पडतं.

तपासण्यांचे निकाल सांगितले त्या दिवशी डॉक्टर प्यो बोंग्नेकडे वळून म्हणाली, "मावशी, तेव्हा ज्यांच्या गाठी कापल्या, त्यांचं पुढे कसं गेलं तेही आम्हाला बघायचंय. आवाज, गोळ्या, सगळंच. तुम्ही याल?"

"आत्ता आठवण झाली होय!" बोंग्ने म्हणाली. "मला कामं असतात."

पुढच्या महिन्यात ती गेली. केस कुरळे करून, नवं जाकीट घालून, आणि डॉक्टर अर्धा तास ऐकत होती म्हणून सांगत आली.