खांबाखालची पाखरं

"नऊच शेतस," रुपचंदने भिंग डोळ्यावरून काढलं. "परवा सतरा व्हत्यात."

"चांगलं देखा. कोपरामा व्हतीन," भाकरी उलटवता उलटवता सुंदरबाई म्हणाली.

पण काचनळीला कोपरा नसतो. बोटाएवढी नळी, तळाशी ओल्या कापसाचा बोळा, त्याला लागून काळी राणी, तिच्याभोवती वीसेक मुंग्या आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या, त्यांची पिल्लं. घटत होती ती हीच. मुलगी मोहिनी धुळ्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. बाप निवृत्त झाला तेव्हा विरंगुळा म्हणून तिनेच हे बिऱ्हाड एरंडोलला आणून दिलं होतं. नगरपालिकेत एकतीस वर्षं रुपचंदने पाण्याची मोटार चालू-बंद केली. त्याचं नाव कधी कुणी घेतलं नाही, कारण पाणी वेळेवर यायचं. आता बोटाएवढ्या घराचं पोट आपल्याच्याने भरेना, हे त्याच्या जिवाला फार लागलं.

तशी खाण्याची हयगय नव्हती. सुंदरबाई रोज सकाळी निंबाखालच्या वारुळाला पीठ-साखर घाले. तेच पुण्य रुपचंदने नळीतही चालू ठेवलं होतं. साखरपाणी, चिमूटभर कणीक. मुंगीला आणखी काय लागतं?

शेवटी त्याने मोहिनीला फोन लावला.

"आबा, साखर मोठ्यांना चालते. पिल्लांना वाढायला किडा लागतो. तो मिळाला नाही की त्या आपलीच पिल्लं खातात," मोहिनी म्हणाली. "एखादी माशी मारून टाका ना आत."

माशी मारा म्हणे! चातुर्मास चालू होता, आणि चार महिने घरात जीव मारायचा नाही हे सुंदरबाईचं बावीस वर्षांचं व्रत. त्या दुपारी रुपचंद पेपरची गुंडाळी करून ओट्यावर बसला. माशी आली ती थेट त्याच्या गुडघ्यावरच. त्याने हात उचलला, आत भांडं वाजलं, हात तसाच खाली आला. बायकोपासून चोरून त्याने आजवर बिडीसुद्धा ओढली नव्हती.

संध्याकाळी त्याने सगळं सांगून टाकलं. सुंदरबाईने नळी उजेडात धरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"सोतानाच पिल्ला खातस?" ती हळूच म्हणाली. "आनि आपले वाटे, साखर दिधी म्हंजे पुन्य व्हई गयं."

"चूक मनी शे."

"दोन्हीसनी शे."

दुसऱ्या दिवशी रुपचंद उठून बघतो तर सुंदरबाई रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली वाकलेली. परत आली ती पदराच्या टोकात दोन पाखरं घेऊन. रात्रभर दिव्याला धडकून पडलेले पतंग.

"आधीच मरेल शेतस. आपण नई मारं," ती म्हणाली.

पाखराचा तुकडा नळीत पडला आणि मुंग्यांची एकच झुंबड उडाली. रुपचंदला हुरूप आला. त्या संध्याकाळी जास्त पाखरं यावीत म्हणून त्याने ओट्यावरचा दिवा चालूच ठेवला. सुंदरबाईने येऊन बटण बंद केलं.

"मुद्दाम दिवा लावा, मंग ते आपणच मारं. खांब नगरपालिकाना शे, तिनं पाप ती देखी लेई."

एकतीस वर्षांची नोकरी आठवून तो हसला.

नवातल्या सहा अळ्या तरी गेल्याच. उशीर झाला होता, त्याची खंत त्याला राहिली. उरलेल्या तिघी मात्र टिकल्या, फुगल्या. रोज पहाटे खांबाची फेरी चुकली नाही.

पोळ्याच्या दिवशी सुंदरबाईने पदराची गाठ सोडून पाखरू त्याच्या हातावर ठेवलं. पुरणपोळीचं खापर अजून तापायचं होतं.

"आज कितल्या शेतस?"

रुपचंदने दोनदा मोजलं. "चार."

"काल तीन व्हत्यात," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

काल त्याने तिला आकडा सांगितलाच नव्हता. त्याने भिंग उलटून पाहिलं. दांड्यावर पिठाचं बोट उमटलेलं होतं. ते त्याने पुसलं नाही.