न्यायाधीशाच्या झग्याने पाहिलेली चूक

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. काळा म्हणजे एके काळी होतो. आता कोपरांवर तपकिरी झालो आहे, आणि खिडकीत टांगलं तर माझ्यातून सरोवर दिसतं.

अमेरिकेत सरोवराकाठच्या टॅमरॅक हार्बर गावात हाउगलँड नावाचे वकील होते. राष्ट्राध्यक्षांनी त्यांचं नाव फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी सुचवलं. त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी सिग्नेबाईंनी मला शिवून घेतलं. संसदेच्या वरच्या सभागृहाने, सिनेटने, मंजुरीला चौदा महिने लावले. तोवर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत होतो. नेमणूक झाली ती मात्र तहहयात. अशा न्यायाधीशाला काढायचं तर संसदेला महाभियोग चालवावा लागतो. मला काढायला एक कसर पुरली असती, पण सिग्नेबाई डांबरगोळ्यांच्या बाबतीत पक्क्या होत्या.

एकोणीस वर्षं मी साहेबांच्या अंगावर होतो. झगा घातला की माणूस बदलतो, असा लोकांचा समज आहे. मी आतून पाहिलं आहे. आत तोच माणूस असतो आणि शर्टावर मोहरीच्या चटणीचा डाग असतो. मी तो फक्त झाकतो. कौतुकही वाट्याला आलं. नव्या नागरिकांच्या शपथविधीनंतर सोमालियाच्या एका आजीबाईंनी मला मिठी मारली आणि माझ्या बाहीला डोळे पुसले. नाकही पुसलं असावं. त्याहून मोठा मान मला मिळालेला नाही.

आता साहेबांच्या त्या चुकीबद्दल सांगतो. तीही मीच झाकली होती.

वेड कालियो हा आमच्या गावचा पोस्टमन. पाठ दुखते म्हणून त्याने गोळ्या घेतल्या, त्यांची चटक लागली, आणि तो लोकांच्या पार्सलांतल्या गोळ्या काढू लागला. पकडला गेला, गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरवण्याची तारीख आली ती नेमकी मासेमारीचा हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे त्या दुपारी पाद्रीसुद्धा जागेवर सापडत नाही. साहेबांनी माझ्याखाली मासेमारीचं जाकीट घातलं होतं. त्यातला एक गळ माझ्या अस्तरात रुतला.

कायदा असा आहे की, शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशाने आरोपीला स्वतः विचारायचं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? साहेबांनी त्याच्या वकिलाला विचारलं, "आणखी काही?" वकिलाच्या गाडीलाही बोट जोडलेली होती. तो म्हणाला, "काही नाही." वेड अर्धवट उठला होता. हातात घडी केलेला कागद होता.

"चाळीस महिने," साहेब म्हणाले, आणि आम्ही निघालो.

मागच्या खोलीत कोर्टाचं कामकाज सांभाळणाऱ्या अर्लीनबाईंनी वाट अडवली. "जजसाहेब, त्याला विचारलंत?"

"विचारलं की."

"वकिलाला विचारलंत. आत काय वकील जाणारे?"

"अर्लीन, मासे वाट बघत नाहीत."

"हो ना. तुरुंग बघतो."

साहेब हसले आणि गेले. सात महिन्यांनी वेडच्या अपिलावर वरच्या कोर्टाचं दोन पानी उत्तर आलं. शिक्षा रद्द, आरोपीचं ऐकून पुन्हा ठरवा. वाचताना साहेबांना माझ्या आत घाम फुटला.

"तू जिंकलीस, अर्लीन."

"मी कसली जिंकते? सात महिने तो आत आहे, न बोलता."

वेडला पुन्हा आणलं. साहेब म्हणाले, "मिस्टर कालियो, मागच्या वेळी मी तुम्हाला विचारलं नाही. चूक माझी आहे. आता बोला. मला कुठेही जायचं नाही."

वेडने कागद उघडला, मिटला. सरकारी वकीलबाईंनी पेन टकटक केलं. साहेबांनी नुसती माझी बाही वर केली. टकटक थांबली.

"शिक्षेचं नाही बोलायचं, साहेब," वेड म्हणाला. "बर्च रस्त्यावरच्या नायबर्गबाई. त्यांच्या नवऱ्याच्या कॅन्सरच्या दुखण्यावरच्या गोळ्या मी घेतल्या. चार दिवस ते कण्हत होते. पाचव्या दिवशी मी टपाल द्यायला गेलो आणि विचारलं, कसे आहेत? त्यांनी मला कॉफी दिली. मी प्यायलो."

मागच्या बाकावरून आवाज आला, "ऐकलं मी, वेड." नायबर्गबाई होत्या. कोर्टात मधेच बोलायला सक्त मनाई आहे. त्या दिवशी साहेबांना ऐकू कमी आलं.

शिक्षा चोवीस महिन्यांची झाली, आत व्यसनमुक्तीच्या उपचारांसह. वेड आता बोटी दुरुस्त करतो आणि गोळ्यांशिवायचं त्याचं पाचवं वर्ष चालू आहे.

पुढे साहेबांनी काम निम्म्यावर आणलं, मग घरी बसले. मी दोन वर्षं खुंटीवर धूळ खाल्ली. नव्या न्यायाधीश डेझारलेबाईंचा स्वतःचा झगा अजून दर्जीकडे आहे, म्हणून सध्या मी त्यांच्या अंगावर आहे. खांद्यांत ढगळ होतो.

मित्रांनो, मला गरम इस्त्री लावू नका, एवढी माझी वैयक्तिक विनंती. पण ज्याच्याबद्दल काही ठरवणार आहात, त्याला स्वतःला विचारा. त्याच्या मोठ्या भावाला नको, शाळेतल्या बाईंना नको, त्यालाच. आणि विचारल्यावर थांबा.

डेझारलेबाईंनी आत्ताच एका आरोपीला विचारलं आहे. तो उठून उभा आहे, अजून बोललेला नाही. आम्ही दोघं थांबलो आहोत.