सुमतीताईंचा षड्ज

“तेवढंच पद पुन्हा लाव रे,” म्हणत भाऊंनी रिमोट मुकुलच्या हातात दिला. दोन दिवस घरी येईल त्याला ते ऐकवत होते. आता ज्याने ध्वनिमुद्रण केलं, त्यालाच ऐकवायला निघाले होते.

मुकुल डोंबिवलीला आला होता तो खरं सांगून टाकायला.

ते पद ज्या नाटकातलं, ते विनोदी, पण पदांनी भरलेलं. जुन्या संगीत नाटकांतल्या नायिका म्हाताऱ्या होऊन एकाच सोसायटीत राहायला येतात आणि पाण्याच्या वेळेवरून रागदारीत भांडतात, अशी गोष्ट. देवयानीने ते लिहिलं, बसवलं आणि कल्याणच्या एका नाट्यगृहात तीन कॅमेरे लावून चित्रित केलं. थोरल्या नायिकेच्या कामाला तिने भाऊंच्या पत्नीला, सुमतीताईंना गाठलं. लग्नाआधी त्या रंगभूमीवर गायच्या; नंतर चाळीस वर्षं शाळेत मुलांच्या प्रार्थना बसवल्या.

शेवटच्या पदात वरच्या षड्जावर त्यांचा आवाज फाटला. पडदा पडल्यावर त्या मुकुलकडे आल्या. सकाळी घसा मोकळा असतो, उद्या दोनच ओळी पुन्हा घेऊ या का, असं त्यांनी विचारलं.

“गरज नाही ताई, छान झालंय,” मुकुल म्हणाला.

आठवड्याने ठाकुर्लीच्या आपल्या स्टुडिओत त्याने त्या ओळी नाटकाच्या कोरसात गाणाऱ्या चोविशीतल्या मैथिलीकडून गाऊन घेतल्या आणि सुमतीताईंच्या ओठांवर बेमालूम बसवल्या. ताईंना कळवायला नको, उगाच वाईट वाटेल, असं देवयानी म्हणाली होती. त्यालाही ते सोयीचं वाटलं. पण परवा या चित्रणाच्या पहिल्या खेळाला त्या ओळींवर टाळ्या पडल्या, तेव्हा सुमतीताई नुसत्या हातातल्या पिशवीकडे बघत बसलेल्या त्याने पाहिल्या होत्या.

पद सुरू झालं. षड्ज लागला, लखलखीत. भाऊंनी डोळे मिटून घेतले.

“लग्नाआधी हिला ऐकलं, तेव्हा अगदी असाच लागायचा,” ते म्हणाले. “माझ्या घरच्यांना चालत नव्हतं, म्हणून सोडलं तिने. मी त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. परवा ऐकलं आणि वाटलं, काही गेलं नाही तिचं.”

मुकुल उठून स्वयंपाकघरात गेला. सुमतीताई चहा गाळत होत्या.

“ताई, त्या दोन ओळींतला आवाज...”

“मैथिलीचा. सुरेल आहे पोरगी.” त्यांनी गाळणं मोरीत ठेवलं. “मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, मुकुल.”

त्याला वर बघवेना. निदान भाऊंना तरी मी सांगतो, असं तो कसंबसं पुटपुटला.

“नको. इतक्या वर्षांनी माणूस स्वस्थ झोपतोय.”

ट्रे घेऊन त्या बाहेर गेल्या आणि भाऊंशेजारी बसल्या. भाऊंनी पद पुन्हा लावलं होतं. षड्ज लागला तशी त्यांच्या तोंडून “वा” निघाली, आणि सुमतीताईंनी किंचित मान लववून ती दाद घेतली.